घंटीची जागा

दहा वाजले तसा नानाजीचा उजवा हात सवयीनं टेबलाच्या कोपऱ्यावर गेला आणि नुसत्या लाकडावर पडला. घंटी तिथं नव्हती. मान न वळवता त्यानं हात थोडा अलीकडे चाचपला, थोडा पलीकडे. दौत लागली, टीपकागद लागला, लटारूभाऊची काल राहिलेली अर्धी सुपारी लागली. समोर सतरंजीवर चौघं बसले होते आणि त्याच्या हाताकडेच पाहत होते. पोरी शाळेत गेलेल्या, वसतिगृह रिकामं, पठाणपुऱ्याच्या रस्त्यावरून गेलेल्या सायकल रिक्षाचा भोंगाही मघाच विरून गेलेला. नानाजीला एकदम आपला हात उघडा वाटला. एवढीशी गोष्ट, पितळेची, लाकडी मुठीची, पण तिच्यावाचून तोंडून पहिला शब्द फुटेना. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, तिच्यातली अठरा हेडमास्तर म्हणून, आणि एकही दिवस घंटीशिवाय सुरू झाला नव्हता. शाळेतून निघताना ती त्यानं पिशवीत टाकून आणली होती. कोणी हरकत घेतली नाही. खरं म्हणजे त्यानं कोणाला विचारलंच नव्हतं.

आज तिसरा दिवस, शेवटचा. चार वाजता साहेबांची जीप येणार, आणि त्याआधी त्या छापील अर्जावर पाच सह्या व्हायला हव्यात. ते सरकारी पत्र त्याला पाठ होतं. ‘एका माणसाच्या भरवशावर चालणाऱ्या संस्थेस यापुढे मान्यता मिळणार नाही.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्धं वाक्य त्यानं स्तुती म्हणून वाचलं होतं. मग उरलेलं वाचलं. पाच जणांचं विश्वस्त मंडळ करा, त्यांतला एक अध्यक्ष करा, आणि सभासदांना मिळून काम करण्याची सवय लावा. नाही तर जूनपासून वसतिगृह बंद आणि एकतीस पोरी परत जंगलातल्या आपापल्या गावी. अकरा वर्षं ज्यानं एकट्यानं हे घर उभं ठेवलं, त्याला हे कालचे कारकून सांगणार मिळून काम करा. कोणाशी मिळून करायचं होतं? होतं कोण? लोक यायचे, सत्यनारायणाचा प्रसाद खायचे, ‘मोठं काम करून राह्यले गुरुजी’ म्हणायचे आणि चपला घालायचे. पोरींच्या डोक्यातल्या उवांपासून छपराच्या कौलांपर्यंत सगळं नानाजीनं पाहिलं. बायको कमळा होती म्हणा, पण कमळा स्वयंपाकघरात होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आताशा त्याला स्वयंपाकघरात जायचंच नको वाटायचं.

तर सभासद शोधणं आलं. त्यानं फार विचार करून तीन नावं काढली, म्हणजे त्रास देणार नाहीत अशी. लटारूभाऊ, चामोर्शीचा धानवाला, पैसेवाला आणि थट्टेखोर, पण मनानं मोकळा. रुखमाबाई, वरोऱ्याच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, मुलींच्या शाळेत शिकवून आता घरी बसलेल्या. आणि जंगलाकडचं कोणी पाहिजे म्हणून इसरू, एटापल्लीकडच्या एका गावचा. इसरूनं येताना आपल्याच गावची बुधरी सोबत आणली, म्हणाला, “बाईमाणूस पायजे ना, गुरुजी, पोरींचं घर आहे.” नानाजीनं तेही चौथं नाव म्हणून चालवून घेतलं. बुधरी बोलायची नाही, भिंतीला टेकून बसायची आणि अधूनमधून त्याच्याकडे असं पाहायची, की नानाजीला आपल्या टोपीला काही लागलं आहे की काय असं वाटायचं. नागपुराहून मागवलेल्या एका चोपड्यावरून त्यानं तीन दिवसांचा वर्ग आखला. पाटीवर खडूनं लिहिलं, ‘एकजुटीने काम कसे करावे.’ खाली नियम. एका वेळी एकानं बोलावं. बोलायचं असेल तर हात वर करावा. घंटी वाजली की सर्वांनी थांबावं.

आणि हा शेवटचा नियम तर पहिल्याच दिवशी असा काही लागू पडला की नानाजी खूश झाला. चौघं बोलायला लागले की एकाच वेळी बोलायचे, मधे गोंडी, मधे हिंदी, लटारूभाऊचं हसणं, कोण कोणाशी बोलतंय पत्ता नाही. मग त्यानं घंटी हलवली की सगळे गप्प. इसरू आणि बुधरी तर ताबडतोब. हातातलं पान खाली ठेवायचे, मान वर करायचे, आणि त्याच्याकडे पाहत बसून राहायचे, अगदी शांत, त्याचं बोलणं संपेपर्यंत. त्यांचं पाहून मग बाकीचे दोघंही तसंच करायला लागले. त्याच्या शाळेत सातवीच्या वर्गानंही घंटीला इतका मान दिला नव्हता. रोजच्या टिपणात त्यानं लिहिलं, ‘शिस्त उत्तम.’ फक्त एक गोष्ट खुपायची. त्याचं बोलून झालं की ते चौघं मान डोलवायचे आणि जिथं थांबले होते तिथूनच पुन्हा सुरू करायचे, जसा काही मधे नानाजी बोललाच नव्हता. असं चार-पाच वेळा झालं. पहिल्याच दुपारी इसरूनं घंटी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली होती, आतल्या लोलकाला बोट लावलं होतं आणि विचारलं होतं, “गुरुजी, हे तुमालेच बांधली का?” लटारूभाऊ खो खो हसला. नानाजी म्हणाला, “शाळेची घंटी आहे ती. ठेव खाली.” लटारूभाऊला तो तुम्ही म्हणायचा, इसरूला तू. हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. काल रुखमाबाईंनी ते लक्षात आणून दिलं, तेही सगळ्यांसमोर, आणि तेव्हापासून इसरूशी बोलताना त्याचं वाक्य मधेच अडखळायचं.

कालचं तर आठवलं तरी त्याच्या कपाळाची शीर ठणकायची. चोपड्यात होतं, सभासदांनी एखादं अंगमेहनतीचं काम मिळून करावं, त्यानं मनं जुळतात. ओसरीवरची धानाची मोठी सागवानी पेटी कोठीत न्यायची ठरली. नानाजीनं पाटीवर आकृती काढली. कोण कुठं उभं राहील, कोण कधी उचलेल, घंटीच्या पहिल्या ठोक्याला वाकायचं, दुसऱ्याला हात घालायचे, तिसऱ्याला उचलायचं. तो स्वतः पायरीवर उभा राहिला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. पहिला ठोका पडला आणि इसरू, बुधरी जागच्या जागी थांबले. दुसऱ्याला लटारूभाऊनं एकट्यानंच उचलायला घेतलं, पेटी कलली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर बसली. “मास्तर, तुमी घंटी वाजवू नका ना बाप्पा,” तो अंगठा धरून म्हणाला, “मले समजून नाई राह्यलं वाकू का थांबू.” नानाजीनं पुन्हा आकृती समजावली. पुन्हा तेच. शेवटी वैतागून तो पोस्टात निघून गेला. म्हटलं, डोकं थंड होऊ दे. अर्ध्या तासानं आला तर पेटी कोठीत. भिंतीला नीट लागलेली, झाकण पुसलेलं, आणि चौघं ओसरीवर चहा पीत बसलेले. कशी नेली, कोणी सांगेना. म्हणजे लपवत होते असं नाही. त्यांना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटत नव्हती. रुखमाबाई एवढंच म्हणाल्या, “नेली, भाऊ. चहा घेता?” त्यानं चहा घेतला नाही. कोठीत जाऊन पेटीवर हात ठेवला तर ती हलली, एक पाय आखूड पडत होता. मग कोणाला न बोलावता त्यानंच कौलाचा एक तुकडा शोधला, खाली वाकून, गुडघे टेकून पायाखाली सरकवला आणि पेटी पुन्हा हलवून पाहिली. बसली. वळला तर दारात इसरू उभा, पाहत. इसरू हसला. नानाजी धूळ झटकत त्याच्या बाजूनं निघून गेला.

आणि आज घंटी नाही. तो उठला, टेबलाखाली वाकून पाहिलं, खणात पाहिलं. लटारूभाऊ मिशीत हसत असल्याचा त्याला भास झाला. हाच असणार, कालच्या अंगठ्याचा सूड. की रुखमाबाई? त्यांना शिस्त लावलेली रुचत नाही, शिकवणाऱ्या बाईला दुसऱ्यानं शिकवलेलं कधी रुचतं का? “घंटी कोणी घेतली?” त्यानं विचारलं. इसरूनं मान वर केली, बाजूच्या गाठोड्याकडे हात नेला आणि काही बोलायला तोंड उघडलं. पण नानाजीचा तोल तोपर्यंत सुटला होता, आणि तोल सुटला की त्याची शाळेतली भाषा गळून पडायची. “अकरा वर्षांत या घरातून एक चमचा नाई गेला. बाहेरची माणसं आली आणि तीन दिवसांत घंटी गेली. मले कोणाचं काई ऐकायचं नाई. मीच शोधतो.” इसरूचा हात गाठोड्यावर तसाच राहिला, मग त्यानं तो मागे घेतला. रुखमाबाई म्हणाल्या, “भाऊ, ऐकून तर घ्या,” पण भाऊ खोलीबाहेर पडले होते.

दुपार कलेपर्यंत तो शोधत होता, जेवायचंही विसरला. पोरींच्या खोल्या पाहिल्या, उशा उचलल्या, विहिरीचा काठ पाहिला. आतून त्यांचे आवाज येत होते, एकाच वेळी सगळ्यांचे, कधी हसणं, कधी बुधरीचा बारीक आवाज, आणि त्याला वाटलं, घंटी असती तर आत्ताच्या आत्ता थांबवलं असतं. पण घंटी नव्हती म्हणूनच तर तो बाहेर होता. काय माणसाची दशा. शेवटी स्वयंपाकघर उरलं. दोन वर्षं त्यानं टाळलेलं. स्वयंपाकीण दुपारची भांडी घासून गेली होती. चुलीच्या वरच्या फळीवर कमळाचे डबे अजून तसेच होते, आणि एका डब्यात त्याला वाळलेली मोहाची फुलं सापडली, मुठीएवढी, काळी पडलेली. वास मात्र होता. गोड, जड. या वासाचं आणि त्याचं वैर होतं. दर साल होळी जवळ आली की पोरींची चुळबुळ सुरू व्हायची. मोह पडायला लागला की सगळं गाव पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली, आणि यांचा जीव इथं वहीत रमेना. वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि या पळायच्या गोष्टी करणार. त्यानं कधी सुटी दिली नाही. कमळा होती तोपर्यंत तसं निभलं होतं. कधी एखादीची आई आजारी पडायची, कधी कोणाच्या बहिणीचं लग्न निघायचं, दोघी-तिघी जायच्या, आठ-दहा दिवसांत परत यायच्या, मग दुसऱ्या दोघी-तिघींच्या घरी कोणी आजारी. नानाजी म्हणायचा, या जंगलात फाल्गुनात रोगराई फार. कमळा म्हणायची, हो ना. गेल्या साली कमळा नव्हती. कोणाचीच आई आजारी पडली नाही, आणि एका सकाळी एकोणीस पोरी एकदम निघून गेल्या. नानाजीनं सही करून फळ्यावर नोटीस लावली, विनापरवाना गेलेल्यांची नावं कमी केली आहेत. बारा जणींच्या बापांनी हातापाया पडून नावं पुन्हा घातली. सात जणी बाहेरच राहिल्या. वैशाखात एक आई आली होती पोरीचा हात धरून, ऊन मरणाचं होतं, त्यानं दारातूनच नोटीस दाखवली आणि ती बाई बराच वेळ नोटिशीकडे पाहत उभी राहिली. तिला वाचता येत नाही, हे त्याला दार लावल्यावर सुचलं होतं. त्यानं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो परत खोलीत आला.

खोलीतलं सगळं आटोपलं होतं. म्हणजे काय आटोपलं हे त्याला हळूहळू समजलं. चौघं पाटीभोवती गोल बसले होते. त्याचे नियम पुसून रुखमाबाईंनी तिथं दुसरंच काही लिहिलं होतं. “बसा, भाऊ,” त्या म्हणाल्या आणि सतरंजीवर सरकून जागा केली. तो उभाच राहिला. ठरलं ते असं. मोहाचे वीस दिवस पोरींनी घरी जायचं, सगळ्यांनी, सांगून-सवरून. चामोर्शीपर्यंत मोटार, पुढं लटारूभाऊच्या बैलबंड्या. प्रत्येक गावात पोरी मोजून उतरवायच्या आणि मोजूनच परत चढवायच्या, ते इसरूकडे. आल्यावर रुखमाबाई इथं महिनाभर राहणार आणि बुडलेला अभ्यास करून घेणार. गेल्या सालच्या सात जणींना त्याच बंडीतून परत आणायचं, ते बुधरीकडे. नानाजीनं चूक शोधली. सापडेना. त्यालाच हे सुचलं असतं तर त्यानं स्वतःची पाठ थोपटली असती, आणि याचाच त्याला जास्त राग आला.

“हे कोणाच्या डोक्यातून निघालं?” त्यानं विचारलं. “अकरा वर्षांत मी एक दिवस सुटी दिली नाही आणि तुम्ही एका दिवसात वीस दिवस देऊन बसलात.”

बुधरी बोलली, तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी. “कमळाबाई धाडत होत्या ना, गुरुजी. पाळीपाळीनं. मीच येत होती न्यायले, तिकडच्या पोरी घेऊन परत मीच सोडत होती, सैपाकघराच्या दारातून. आई आजारी आहे म्हणून सांगायचं ते बी त्याईनंच शिकवलं होतं.” तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. “तुमाले सांगायचं नाई म्हणे. गुरुजी ऐकत नाई, पण मनाचे वाईट नाई, म्हणे. माही पोरगी मंगली त्या सातातलीच. गेल्या साली तिले घेऊन आली होती मी. उन्हात.”

नानाजीला तेव्हा तिचा चेहरा ओळखू आला. तो खुर्चीत बसला. सगळी वर्षं त्याच्या पाठीमागे एक मंडळ चालत होतं; अध्यक्ष चुलीपुढं बसायची, सभासद मागच्या दारानं यायचे, ठराव व्हायचे, अमलात यायचे. आणि तो ओसरीवर बसून लिहायचा, पोरींची प्रकृती, हवामान, शिस्त. एका माणसाच्या भरवशावर चाललेली संस्था. त्याला कमळाचा राग आला, असा राग, की ती समोर असती तर तो तिला काहीबाही बोलला असता. आणि ती समोर नव्हती.

रुखमाबाईंनी अर्ज पुढं केला. चार ओळी भरल्या होत्या. लटारूभाऊची फराटेदार सही, इसरू आणि बुधरीचे निळे अंगठे. अध्यक्ष म्हणून रुखमाबाईंचं नाव. पाचवी ओळ कोरी. “आम्ही ठरवलंय, भाऊ, तुमच्या नावाशिवाय हा कागद साहेबांना द्यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “पाचवं नाव दुसरं कोणाचं घालणार नाही. मग वसतिगृह राहो की न राहो.” लटारूभाऊ या वेळी हसला नाही. घड्याळात पावणेचार झाले होते.

तेवढ्यात इसरू उठला. गाठोड्यातून त्यानं घंटी काढली. तिच्या लोलकाला पळसाचं पान गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती, आवाज होऊ नये म्हणून. त्यानं ती सुतळी सोडली, पान खिशात घातलं आणि घंटी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर, जिथली तिथं ठेवली. “मीच नेली होती, गुरुजी. सांगणारच होतो सकाळी.”

“काऊन नेली?” नानाजीचा आवाज चढला नाही. चढवायचा होता.

इसरू कान खाजवत उभा राहिला. “आमच्या इकडे जे जनावर कळपातून भटकते ना, त्याच्या गळ्यात घंटी बांधते. बाकीच्याले नाई बांधत. मागून घंटी वाजली का गायकी, गुरं चारणारा, कळप थांबवते, मागं राह्यलेलं येऊन मिळते, मग पुढं जाते. तुमी वाजवली का आमी थांबत होतो. तुमी येऊन मिळावं म्हणून.” तो हे इतक्या साधेपणानं सांगत होता की नानाजीला कुठं रागवायचं तेच समजेना. “मग काल तुमी पेटीच्या पायाखाली खापर लावली. कोणी सांगतलं नाई, घंटी नाई, काई नाई. मी मनलं, आले गुरुजी. एकदा जनावर कळपात आलं का घंटी काढून घेते. तसी काढली.” मग त्यानं घंटीकडे पाहिलं आणि हलकेच ती आणखी थोडी टेबलाच्या आत सरकवली, पडू नये म्हणून. “पण राहू द्या. अजून लागते.”

नानाजीनं टाक उचलला. सही करताना त्याचा हात सवयीनं खाली सरकला, नावाखाली ‘संस्थापक व व्यवस्थापक’ लिहायला, अकरा वर्षं तो तसंच लिहीत आला होता. ओळीत जागा नव्हती. त्यानं नुसतं नाव लिहिलं आणि टिपून घेतलं. अपुरं वाटत होतं. मनातून तो अजून धुसफुसतच होता; वीस दिवस जास्त आहेत, पंधरा पुरले असते, आणि बंडीत पोरी मोजायच्या तर यादी कोण करणार, हे यांना सुचलेलं नाही. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर कागद उचलून रुखमाबाई उठल्या होत्या.

“चला, साहेब येईपर्यंत चहा टाकू,” त्या म्हणाल्या. मग सगळेच उठले. लटारूभाऊ लंगडत, कोणत्या गावाला आधी बंडी लावायची ते इसरूला विचारत; बुधरी पदर सावरत; ओसरीवरून त्यांचे पाय स्वयंपाकघराकडे निघाले, चौघांचे, आणि चौघं एकाच वेळी बोलत होते. कोणी मागे वळून पाहिलं नाही. रुसून नाही, रागानंही नाही, बोलण्याच्या नादात. नानाजी खुर्चीत बसून ते आवाज लांब जाताना ऐकत राहिला. स्वयंपाकघराचं दार करकरलं. आत मोहाचा तो डबा होता, फळीवर. उठून त्यांच्यामागे जावं असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही. तो टेबलाकडे पाहत बसला. मग त्याचा उजवा हात कोपऱ्यावर गेला, मुठीवर पडला, आणि त्यानं घंटी वाजवली. एकदाच, हळू.

ओसरीवरचे पाय थांबले. बोलणं थांबलं. तिकडून इसरूचा आवाज आला.

“थांबून राह्यलो आमी, गुरुजी. या सावकाश.”